बावीस वर्षांचे सुतारकाम, पण प्रमाणपत्र नाही

प्रश्न : मी आठवी उत्तीर्ण असून सोलापुरात गेली २२ वर्षे सुतारकाम करतो. मामांच्या हाताखाली हातमागांच्या दुरुस्तीपासून सुरुवात केली. आता दारे, खिडक्या व प्लायचे फर्निचर करतो. एका कंत्राटदाराने प्रमाणपत्र मागितले आहे. या वयात आयटीआयला जावे लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : कोणते प्रमाणपत्र हवे, हे कंत्राटदाराला आधी स्पष्ट विचारावे. त्याला केवळ कौशल्याचा दाखला हवा असेल, तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची, म्हणजे ‘आरपीएल’ची सोय आहे. तीत अभ्यासक्रम पहिल्यापासून शिकावा लागत नाही. थोडे मार्गदर्शन होते आणि मग तोंडी किंवा लेखी प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष कामाची परीक्षा घेतली जाते.

रंधा आणि पटाशी चालवण्यात तुमच्यासारखे कारागीर सहसा अडत नाहीत; ते अडतात ते मापांत. आपल्याकडे अजूनही इंच आणि सूत चालते, सहा सुती प्लाय म्हटले की दुकानदार लगेच फळी काढतो, परंतु परीक्षेतील आराखडा मिलिमीटरमध्ये असतो, आणि एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३.२ मिलिमीटर, हा हिशेब तिथे मनात करत बसणे महागात पडते. म्हणून काही दिवस मिलिमीटरच्या टेपनेच कामे करावीत. झालेल्या कामांची छायाचित्रे व बिलेही जपून ठेवावीत. (मामांच्या काळात असे काही कोणी जपले नसेल, हे उघड आहे.)

आरपीएलचे प्रमाणपत्र म्हणजे आयटीआयचे प्रमाणपत्र नव्हे. जाहिरातीत किंवा निविदेत सुतारकामाचे आयटीआय, असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर पहिल्यावर भागणार नाही. आयटीआयचा हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून त्याला आठवी उत्तीर्ण चालते. शिवाय अनुभवी कामगाराला अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस खासगी उमेदवार म्हणून बसण्याची तरतूद आहे. त्यासाठी अनुभवाचे दाखले लागतात आणि स्वतंत्र काम करणाऱ्याची खरी अडचण तीच असते, तेव्हा शासकीय आयटीआयमध्ये प्रत्यक्ष जाऊन कोणते दाखले चालतील ते विचारावे.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतही सुतारांना प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते, पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन असते आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य होते. नोंदणी सीएससी म्हणजे सामायिक सेवा केंद्रात होते. तिचा लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. मात्र येथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले, त्यामुळे मामांनी आधी नोंदणी केली असली तरी तुमची अडत नाही.