पर्फ सोडण्याआधी ‘सायकल्स’ची ओळ बघा

भाऊ, तुमचं वाचलं अन् माझा अख्खा उन्हाळा आठवला. व्हीएमवर, म्हणजे आभासी मशीनवर, सिस्टिम टाइम (लिनक्स कर्नलमध्ये जाणारा वेळ) चढलेला, वेळ कुठं जातो ते दाखवणाऱ्या पर्फच्या ‘टॉप’ यादीत सगळं खापर ‘रॉ स्पिन अनलॉक आयआरक्यू रिस्टोर’वर, म्हणजे लॉक सोडून इंटरप्ट पुन्हा चालू करणाऱ्या फंक्शनवर, आणि तुम्ही विचारता, आता एफट्रेस घेऊ की बीपीएफट्रेस (कर्नलच्या आत डोकावणारी दुसरी दोन साधनं)? थांबा जरा.

आधी ‘पर्फ स्टॅट’ चालवा. सायकल्सपुढे, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांच्या हार्डवेअर काउंटरपुढे, ‘नॉट सपोर्टेड’ आलं तर पर्फ गुपचूप ‘सीपीयू-क्लॉक’वर, म्हणजे साध्या टायमरवर उतरलाय. इंटरप्ट (हातातलं काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे) बंद असले की हा टायमर दाराबाहेर ताटकळतो आणि अनलॉक झालं की आत येतो. सँपल, म्हणजे प्रोसेसर आत्ता कुठल्या फंक्शनमध्ये आहे याची नोंद, तिथंच पडतं. वेळ खातो एक, पंचनाम्यात नाव दार उघडणाऱ्याचं.

मला हे कळायला तीन आठवडे लागले. आयटी पार्कातल्या खोलीत, कूलरमध्ये बादल्या ओतत, मी लॉकसाठी थ्रेडांची होणारी भांडणं सोडवत होतो. थ्रेड आठाचे चार केले, चाराचे दोन. ती ओळ जागची हलेना! तेव्हाच शंका यायला हवी होती. व्हीएम ज्यांच्याकडून घेतलं होतं त्यांना विनवलं, हार्डवेअर काउंटर आत दिसू द्या. उत्तर आलं, ‘सीपीयू वापर मर्यादेत आहे’, तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा म्हणे रॅम वाढवून देतो. राजेहो, रॅम मागितली कोणी?

शेवटी टेबलाखाली धूळ खात पडलेल्या इंटेलच्या डेस्कटॉपवर तोच लोड टाकला. तिथं सायकल्सचं सँपल एनएमआयनं, म्हणजे बंद करता न येणाऱ्या इंटरप्टनं येतं, त्याला बंद इंटरप्ट अडवत नाहीत. मिनिटभरात चोर सापडला, तोही घरचाच. आमच्याच ड्रायव्हरमधलं फंक्शन इंटरप्ट बंद करून हजारो नोंदींची लिंक्ड लिस्ट चाळत बसायचं.

तेव्हा माझं मत, पटलं तर घ्या. सुरुवात पर्फनंच, जमलं तर खऱ्या मशीनवर. ते नसेल तर एफट्रेसचा फंक्शन-ग्राफ (कुठल्या फंक्शननं कोणाला बोलावलं, किती वेळ घेतला ते दाखवणारा), पण संशयित फंक्शनपुरताच. सगळ्यांवर लावाल तर मशीन रांगेल आणि आकडेही फसवे येतील. बीपीएफट्रेस मला प्रश्न नक्की झाल्यावरच बरा वाटतो, लेटन्सीचा (कामाला लागलेल्या वेळेचा) हिस्टोग्राम एका ओळीत मिळतो. त्यातही ट्रेसपॉइंट (कर्नलमध्ये आधीच ठेवलेली मोजणीची जागा) मिळाला तर केप्रोब (फंक्शनच्या नावावर लावलेला सापळा) नको, कर्नल अपग्रेडनंतर कधीकधी फंक्शनचं नावच गायब होतं. आणि हो, सँपलिंग ९९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ९९ वेळा ठेवा, १०० वर ठेवलं तर ठरावीक वेळानं होणाऱ्या कामांशी ताल जुळून चित्र बिघडतं.

हे सगळं एक्स८६चं (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरचं) सांगतोय, आर्मवर एनएमआयचं प्रकरण निराळं आहे. आणि तुमचा प्रोसेस डिस्कची वाट बघत झोपलेला असेल तर हे सँपलिंग लागू नाही. ‘पर्फ स्टॅट’मध्ये काय येतं ते सांगा, मग पुढचं बघू.