जहाजावरचा ‘खटला’ आणि कलम २०८

पाचोऱ्याचे एक वाचक परदेशी झेंड्याच्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. सहकाऱ्याचे पैसे चोरल्याचा आळ आला. कप्तानाने मेसरूममध्ये दोन अधिकारी बसवून ‘खटला’ चालवला आणि दोषी ठरवून पगार कापला. आता त्याच प्रकरणात इथल्या पोलिसांची नोटीस आली आहे. ते विचारतात, अंतराळयानाचा कप्तानसुद्धा खटला चालवू शकतो म्हणे, मग माझी शिक्षा भोगून झाली ना? भाऊ, आते काय करानं?

भाऊ, आधी नोटीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येऊन अठरा दिवस झाले आणि केळीची कापणी सुरू होती म्हणून तुम्ही ती कपाटात ठेवलीत, हे वाचून राग आला. हजर न राहिल्यास अटक होऊ शकते. उद्याच वकील घेऊन ठाण्यात जा आणि हजेरीची पोच घ्या.

कप्तान न्यायाधीश नसतो, समुद्रात नाही आणि अंतराळातही नाही. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले तेव्हापासून हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. १९६७ च्या अंतराळ करारानुसार यानावर आणि त्यातल्या माणसांवर अधिकार असतो तो यानाची नोंदणी करणाऱ्या देशाचा. स्थानकाच्या १९९८ च्या करारात फौजदारी अधिकार ज्याच्या त्याच्या देशाकडे ठेवले आहेत. कमांडरने शिस्त राखायची, गरज पडली तर माणसाला आवरायचं, एवढंच. म्हणून तुमच्यावर खटला झालेलाच नाही. एकाच गुन्ह्याला दोन शिक्षा नकोत हे राज्यघटनेचं कलम २०(२) इथे लागणार नाही. मकबूल हुसेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच सांगितलं आहे, की आधीची कारवाई न्यायालयापुढची हवी.

तुमचं सगळं अडतं आणि सुटतं ते त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २०८ वर. भारतीय नागरिकाने ‘खुल्या समुद्रावर किंवा अन्यत्र’ केलेल्या गुन्ह्याची कारवाई तो इथे सापडेल तिथे होऊ शकते (माझ्या मते त्या ‘अन्यत्र’मध्ये अंतराळही बसतं). पण केंद्र सरकारची पूर्वमंजुरी नसेल तर खटला चालत नाही. तपासाला मंजुरी लागत नाही, हे थोटा वेंकटेश्वरलू निकालात, २०११ मध्ये, स्पष्ट झालं. म्हणून पोलिसांना आत्ता अडवता येणार नाही. आरोपपत्र आलं की पहिल्याच तारखेला मंजुरीचा कागद मागा.

जहाजाच्या लॉगबुकमधल्या (नोंदवहीतल्या) तुमच्या ‘खटल्या’च्या नोंदीचा फोटो मी मोठा करून पाहिला. कबुलीखाली तुमची सही आहे, ‘खलाशाचे म्हणणे’ हा रकाना कोरा आहे. न वाचता सही का केलीत? धमकी किंवा आमिष असेल तर ती कबुली टिकू नये, पण ते पुराव्यावर ठरेल. त्या दिवशी मेसरूममध्ये कोण होतं, काय बोललं गेलं, ते आठवतंय तोवर आज रात्रीच लिहून काढा आणि उद्या वकिलांना द्या.