आळशी नाही हो, त्याला पायरीचा अंदाज येत नाही

"मॅडम, स्पीच थेरपी चालू आहे, शाळाही सांभाळून घेते. पण जिना उतरताना हा अजून माझी ओढणी सोडत नाही. नऊ वर्षांचा झाला! पीटीचे सर म्हणतात, आळशी आहे."

ठाण्याच्या नौपाड्यातली ही आई बोलत होती तेव्हा ऑटिझम (स्वमग्नता) असलेला ओम (नाव बदललंय) भिंतीला खांदा घासत, चवड्यांवर फेऱ्या मारत होता.

ऑटिझम म्हणजे बोलण्याची अडचण, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. निदानाच्या निकषांत तोल, धावणं, उडी हे येत नाही, त्यामुळे तिकडे लक्ष उशिरा जातं. प्रत्यक्षात यातल्या अनेक मुलांचे स्नायू सैल असतात, आधी कुठला पाय आणि मग कुठला हात, हे जुळवणं जड जातं. तोलासाठी शरीराला तीन ठिकाणांहून खबर लागते: आतला कान, स्नायू-सांधे आणि डोळे. पहिल्या दोघांची खबर धड पोचली नाही की मूल डोळ्यांवर भिस्त ठेवतं. ओम मान खाली घालून चालायचा तो बहुधा त्यामुळेच. भिंतीला घासणं हीही खोड नसावी. आपण नेमके कुठे आहोत, हे तो खांद्याला विचारत असावा.

इथे माझी एक चूक झाली. "बाहेर खेळायला न्या," असं मी मोघम सांगून टाकलं. ते गेले रविवारी संध्याकाळी, तलावपाळीला. हॉर्न, पिपाण्या, भेळेच्या गाड्यांभोवती झुंबड. पोरगं कान दाबून फुटपाथवर बसलं आणि आजोबांनी निकाल दिला, "याला नाही जमायचं."

मग नीट ठरवलं. आधी ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजच्या हालचाली, कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ), कारण चवड्यांवर चालणाऱ्या मुलांच्या पोटऱ्या आखडू शकतात. मग रोज सकाळी साडेसहाला कचराळी तलावाची तीच वाट, दहा मिनिटं, हात धरून. हात धरायचं बजावून सांगितलं. यातल्या अनेक मुलांना पाण्याची ओढ फार आणि धोक्याची जाणीव कमी. घरी दोन किलो तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात नेणं, कणीक मळणं, पॅसेजमध्ये खडूच्या रेघेवरून चालणं. वजन उचललं, दाबलं, ओढलं की सांध्यांना स्वतःचा पत्ता लागतो.

जिना उलट्या क्रमानं, शेवटच्या पायरीपासून शिकवला. वरून दहा पायऱ्या आईच्या आधारानं, शेवटची एक त्याची त्यानं. ती जमली की शेवटच्या दोन. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी.

वडिलांना वेगळीच धास्ती होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी, अपंगत्व असलेल्यांसाठीही, रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली आहे. "आमची दहाच होतात!" ते म्हणाले. काहीच नसण्यापेक्षा थोडी बरी, हेही तिथेच लिहिलंय, ते मी दाखवलं.

चार महिन्यांनी दहा मिनिटांची पंचवीस झाली होती. शेवटच्या पाच पायऱ्या ओम एकटा उतरतो, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ठाणे स्टेशनचा सरकता जिना मात्र दुरून दिसला तरी तो मागे फिरतो. त्याची आम्ही घाई केलेली नाही. साधा जिना आहे की तिथे. आजोबा हल्ली सकाळी सोबत जातात. पिशवीत तांदूळ किती घालायचे, यावरून त्यांचा आणि सूनबाईंचा वाद चालू आहे.