गोधडीच्या मशीनसाठी मुलीची ठेव मोडावी का?

प्रश्न : कराडजवळच्या गावात मी तीन वर्षांपासून घरून गोधड्या शिवून विकते. महिन्याला सहा गोधड्या (प्रत्येकी 2,200 रुपये) आणि बाळाची दहा दुपटी (प्रत्येकी 450 रुपये) जातात. शेजारच्या दोघी हाताने टाके घालतात. त्यांना गोधडीमागे 700 रुपये देते. ऑक्टोबर ते डिसेंबर मागणी पुरी करता येत नाही, म्हणून संगणकीकृत क्विल्टिंग मशीनचे 3 लाख 60 हजारांचे कोटेशन घेतले आहे. 35 टक्के सबसिडी मिळेल, असे विक्रेता सांगतो. अकरावीतल्या मुलीच्या शिक्षणासाठी 4 लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी की कर्ज काढावे?

उत्तर : दोन्ही नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी तुमचा हिशेब पाहू. महिन्याची विक्री 17,700 रुपये आणि कापड, दोरा व मजुरी मिळून खर्च 8,500 रुपये, म्हणून 9,200 रुपये नफा, असे तुम्ही वहीत मांडले आहे. त्यात वीज, कुरिअर आणि फोन यांचे 1,700 रुपये धरलेले नाहीत. ते वजा केल्यावर 7,500 उरतात. कापड बेतणे, तुकडे जोडणे, कडा दुमडून पट्टी लावणे यासाठी तुम्ही स्वतः रोज पाच तास, म्हणजे महिन्याचे 24 दिवस धरले तर 120 तास देता. तुमच्या श्रमाचे मोल त्यामुळे ताशी साडेबासष्ट रुपये पडते, आणि मला या व्यवसायातली खरी अडचण इथेच दिसते.

आता मशीन. 11 टक्के व्याजाने पाच वर्षांचे कर्ज घेतल्यास हप्ता सुमारे 7,800 रुपये बसेल, म्हणजे आजची संपूर्ण कमाई देऊनही तो भागणार नाही. ठेव मोडल्यास हप्ता नसेल, पण साडेसहा टक्के दराने महिन्याला 1,950 रुपयांचे व्याज बुडेल, मशीनचे आयुष्य आठ वर्षे धरले तर झीज 3,750 रुपये होईल, आणि मुदतीपूर्वी ठेव मोडल्याबद्दल बँक सहसा दंड आकारते तो वेगळाच. मशीनवरच्या दुलईतून तुमच्याच अंदाजाप्रमाणे नगामागे 350 रुपये सुटणार असतील, तर महिन्याला सोळा-सतरा दुलया केवळ मशीनचा खर्च भरून काढण्यासाठी विकाव्या लागतील, त्याही सोलापुरी चादर आणि पानिपतचा स्वस्त माल ज्या दुकानात शेजारी ठेवलेला असतो तिथे.

तुमच्याकडे येणारे गिऱ्हाईक दुलई मागायला येत नाही. ते आईचे किंवा आजीचे लुगडे घेऊन येते. पदराशी विरलेले ते कापड मशीनच्या वेगात चुरगळते, फाटते. हाताचा धावदोरा मात्र ते सांभाळून नेतो. आमच्या घरी आजीच्या लुगड्यांची एक गोधडी आहे, तिचे वरचे कापड तीनदा बदलले, पण आतले टाके अजून उसवलेले नाहीत. लोक पैसे मोजतात ते या कामाचे, आणि ते तुम्ही फार स्वस्तात देत आहात. एका गोधडीला दुपारचे आठ-दहा दिवस लागत असतील तर 700 रुपये मजुरीही कमीच आहे. किंमत 2,800 आणि मजुरी 900 करा. विक्री तेवढीच राहिली तरी महिन्याला 2,400 रुपये जास्त उरतील. दोन-चार गिऱ्हाइके कमी होतील, ती होऊ द्यावीत.

हंगामाच्या गर्दीवर उपाय म्हणजे आणखी हात. ऑगस्टपासून तिसरी बाई कामाला घ्या, आणि ऑर्डर घेतानाच निम्मी रक्कम ॲडव्हान्स घ्या. नात्यागोत्यात पैसे मागायला संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे, तरीही नियम सर्वांना एकच ठेवा. तुमच्याच कोटेशनमध्ये तुकडे जोडण्याच्या साध्या इंडस्ट्रियल मशीनचा 26 हजारांचा पर्याय आहे. तो बचतीतून घेता येईल. तेवढीही रक्कम हाताशी नसेल तर छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी मुद्रा योजनेतून 50 हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज विनातारण मिळते.

सबसिडीबाबत विक्रेत्याने अर्धेच सांगितले. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातील महिलांना 35 टक्के अनुदान आहे हे खरे, पण ते नव्या उद्योगासाठी आहे; तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) तीन वर्षांपूर्वीची आहे. नव्या उद्योगालाही ती रक्कम हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षे अडकून राहते.

जीएसटीची चिंता आज नको. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला 40 लाखांची मर्यादा आहे आणि तुमची वर्षाची विक्री सव्वादोन लाखांच्या आत आहे. बेळगाव किंवा गोव्याला माल पाठवण्याआधी मात्र सीएला विचारा.

मशीनचा मोह सुटतच नसेल, तर क्विल्टिंग जॉबवर्कने करून देणाऱ्या एखाद्या कारखान्यातून वीस दुलया करून घ्या आणि मार्चपर्यंत त्यांतल्या किती जातात ते लिहून ठेवा. कोटेशनची मुदत पंधरा दिवसांची आहे. ती उलटून जाऊ द्या.