फळीवरची वंदना

चिमणे,

तू विचारलंस, आजोबांना पूजेत पळी इकडची तिकडे झालेली चालत नाही, मग आरतीत ते मुद्दाम 'फळीवर वंदना' का म्हणतात? देवाला राग येत नाही का?

देवाचं आजोबांनाच विचार. विनोद मात्र त्यांचा एकट्याचा नाही, मराठी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मूळ शब्द 'फणिवरबंधना'. फणिवर म्हणजे मोठा नाग; तो ज्याने पोटाला पट्ट्यासारखा बांधलाय, तो गणपती. शब्द एकच, पण चालीत 'फणिवर'पाशी मोडतो. झांजांच्या गोंगाटात ण चा ळ होतो, ब चा व होतो, आणि डोळ्यांसमोर येते स्वयंपाकघराच्या फळीवर पाय हलवत बसलेली वंदना. आजोबा खरं तर परीक्षा घेतात: न हसता जो तसंच म्हणत राहतो, तो सापडला!

याच आरतीत आणखी तीन खड्डे आहेत. 'उटी शेंदुराची', ओटी नव्हे. उटी अंगाला लावतात. ओटी देवीची किंवा सवाष्णीची भरतात, गणपतीची नाही. 'संकटी पावावे', संकष्टी नव्हे. संकष्टी ही वद्य चतुर्थी, आणि गणपतीमुळे तीच आधी तोंडात येते. शेवटी 'वाट पाहे सदना', सजणा नव्हे. 'दास रामाचा' म्हणजे रामदासस्वामी (१६०८–१६८१), आरती त्यांचीच. त्या ब्रह्मचारी माणसाच्या तोंडी सजणा घालणं फारच झालं.

शंकराच्या आरतीत 'लवथवती' म्हण, लवलवती नको. पण माझ्या मते सगळ्यात भारी चूक विठोबाच्या आरतीतली: 'ओवाळू आरत्या सुरवंट्या येती'. खरा शब्द 'कुरवंड्या'. कुरवंडी म्हणजे ओवाळणी. ओवाळून झाल्यावर त्या चंद्रभागेत सोडून देतात, असं पुढच्याच ओळीत आहे. सुरवंट सोडले तर पंढरपूरकर काय म्हणतील?

पाठ करताना कागदावरून एकेक ओळ आधी चालीशिवाय वाच, शब्द जिथे तुटतो तिथे रेघ मार. चालीसकट ऐकून पाठ केलं की चूकही चालीसकट पाठ होते, मग ती निघत नाही.

व्हिडिओ कॉलवर आजी-आजोबांबरोबर म्हणताना आवाज जरा उशिरा पोचतो. दोन्हीकडचे एकमेकांसाठी थांबतात आणि आरती गोगलगाय होते. म्हणून त्यांचा आवाज चालू ठेवायचा, आपला माइक बंद करून त्यांच्या मागोमाग म्हणायचं. कापूर चिमूटभरच घे आणि धुराच्या अलार्मपासून लांब लाव, नाहीतर मंत्रपुष्पांजली तोच म्हणेल.

हसू आलं तर हस, पण टाळी सोडू नकोस. सुटलीच, तर 'जय देव जय देव'ची वाट बघ. तिथे सगळेच परत एकत्र येतात.

तुझी आई