देवबागला डॉल्फिन बघायला जावं का? बोट निवडताना काय पाहावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एप्रिलमध्ये मुलांना घेऊन मालवणजवळच्या देवबागला चाललो आहोत, डॉल्फिन बघायला समुद्रात जायचंय, पण बोटींमुळे त्यांना त्रास होतो असं ऐकलंय. मग जावं की नको, आणि निसर्गाचं भान असलेली बोट ओळखायची कशी?

जा. फक्त बोट ठरवताना एक गोष्ट बदला. किनाऱ्यावर सौदा होतो तो "डॉल्फिन दिसले तरच पैसे" असा, नाहीतर "नक्की दाखवणार ना?" हे चारदा वदवून घेऊन गिऱ्हाईक बोटीत पाय ठेवतं. सगळं बिघडतं ते इथेच. अशी हमी दिलेल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, मग पर्याय राहत नाही. पाण्यावर पाठ दिसली रे दिसली की इंजिन पिळायचं आणि बोट थेट अंगावर घालायची. तुम्ही चढण्याआधीच सांगून टाका, "पैसे फेरीचे. दिसले नाहीत तरी पूर्ण देऊ, पण पाठलाग करायचा नाही." माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे ओळखीचे तांडेल बरेच आहेत. "लोकच मागून ओरडतात, अजून जवळ घे, अजून जवळ घे" ही त्यांची तक्रार मी कायम ऐकतो, आणि ती खोटी नाही.

तिथे दिसतात ते मुख्यतः हम्पबॅक डॉल्फिन. पाठीवर उंचवटा, त्यावर बुटका पर, रंग शिशासारखा करडा. टीव्हीवर उंच उड्या मारतात तसल्या कसरतींची अपेक्षा ठेवू नका. हे लाजाळू असतात, बोटीच्या पुढे पुढे पोहायची हौसही यांना फारशी नाही. वर येताना आधी लांब चोच दिसते, मग कुबड, आणि मग पाठीची कमान होऊन पुन्हा खाली. वारा पडलेला असेल तर श्वास सोडल्याचा 'फुस्स' आवाज आधी कानावर येतो आणि डोळे नंतर तिकडे वळतात.

खोल समुद्र हे त्यांचं घर नव्हे. साधारण २५ मीटरपेक्षा उथळ पाणी, किनाऱ्यालगतचा चिंचोळा पट्टा आणि खाड्यांची तोंडं, एवढाच त्यांचा मुलूख. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते, तिथे बोयटासारखी मासळी असते, म्हणून तेही तिथे असतात. आणि जाळी, बोटी, पर्यटक यांची गर्दीही नेमकी त्याच पट्ट्यात. आपण हुसकावलं तर ते जाणार कुठे? जगभरात ही जात 'संकटग्रस्त' गणली जाते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश आहे, म्हणजे कागदोपत्री वाघाच्याच पंक्तीत.

त्रास होतो म्हणजे नेमकं काय होतं? पाणी गढूळ, डोळ्यांचा उपयोग थोडा. मासा शोधणं, पिल्लाशी संपर्क ठेवणं, सगळं आवाजावर चालतं. चार बोटींचे पंखे एकदम घरघरायला लागले की ते ऐकू येणंच कठीण. शिकार अर्धवट टाकून बुडी मारायची, दिशा बदलायची, पुन्हा वर आलं की पुन्हा बोट. एखाद्या दिवशी हे चालून जाईल. पण हंगामभर रोज सकाळी हेच झालं तर खायची वेळ आणि अंगातली ताकद दोन्ही पळण्यात जातात. ऑस्ट्रेलियात शार्क बे इथे डॉल्फिन सहलींच्या एकाऐवजी दोन बोटी झाल्या, तर त्या भागातली डॉल्फिनची संख्या सुमारे १५ टक्क्यांनी घटल्याचं २००६ साली संशोधकांनी दाखवून दिलं. सरकारने एक परवाना कमी केला. तिथे बोटी दोन होत्या. सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे एका घोळक्याभोवती किती असतात ते तुम्हीच मोजा.

आता बोट कशी ओळखायची. फलकावर 'इको' लिहिलंय याला काडीचाही अर्थ नाही. तांडेल काय करतो ते बघा. चांगला तांडेल लांबूनच वेग उतरवतो, समोरून किंवा मागून न जाता बाजूने, त्यांच्या वाटेला समांतर बोट ठेवतो आणि पन्नासेक मीटरवर थांबतो. आधीच दोन-तीन बोटी तिथे असतील तर आपली पाळी येईपर्यंत दूर राहतो. असा एक म्हातारा तांडेल माझ्या ओळखीचा आहे. लोक उभे राहून गलका करायला लागले की तो इंजिनच बंद करतो आणि म्हणतो, "जरा गप ऱ्हवा. ते हयसरच आसत, येतले वर." बहुतेक वेळा येतातही, कधी कधी आपणहून बोटीच्या बरेच जवळ. बोटीच्या कडेवर थापा मारून किंवा शिट्ट्या वाजवून 'बोलावणारा' भेटला तर सरळ थांबवा. सोबत पिल्लू दिसलं, किंवा घोळका लांब लांब बुड्या मारून सारखी दिशा बदलायला लागला, तर "चला परत" असं तुम्हीच म्हणा. मुलांना हे आधी समजावून ठेवलंत तर तीच तुमच्यापेक्षा कडक पहारा ठेवतील.

हॉटेलवाले गळ्यात मारतात ते 'सगळं एकत्र' पॅकेज मात्र घेऊ नका. डॉल्फिन, त्सुनामी आयलंड नावाचं वाळूचं बेट, जेट-स्की, वर स्नॉर्केलिंग, सगळं एका सकाळी उरकायचं म्हणजे तांडेलाचं लक्ष घड्याळाकडेच राहणार. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग वेगळ्या दिवशी करा. तिथे मासे जमावेत म्हणून पाव टाकतात, तो टाकू देऊ नका आणि प्रवाळावर पाय टेकू नका. हा सगळा भाग १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिलेला आहे, त्यामागे पोटाची भीती आहे आणि ती समजण्यासारखी आहे.

संवर्धनाला मदत म्हणाल, तर माझ्या मते मासेमारीच्या घरातल्या तांडेलाची बोट घेणं हीच थेट मदत. डॉल्फिनचा सर्वांत मोठा शत्रू पर्यटक नाही, जाळं आहे. अडकलेल्याला वर येता आलं नाही की तो गुदमरून मरतो. सोडवायचं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे हजारो रुपये. म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये योजना आणली: संरक्षित सागरी प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई, पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ. तुमच्या तांडेलाला हे ठाऊक आहे का, गप्पांच्या ओघात विचारून बघा. जिवंत डॉल्फिन दाखवून ज्याच्या घरात चार पैसे येतात, तो जाळं कापताना कमी कचरतो असं मला वाटतं.

देवमाशांची आशा धरू नका. २०१५ च्या सुमारास सिंधुदुर्गाच्या समुद्रात ब्लू व्हेल दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या, पण तासाभराच्या फेरीत ते नशिबात नसतं. आकाशाकडे मात्र लक्ष ठेवा, समुद्री गरुड दिसू शकतो.

बोट सकाळी लवकरची घ्या. दुपारकडे वारा वाढतो, लाटांचे पांढरे शेंडे दिसायला लागले की त्यात पर ओळखणं मुश्कील होतं आणि मुलांना उलट्या होतात ते वेगळंच. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते किनाऱ्यावरच घालून बघा. आणि बेत पुढे ढकलणार असाल तर मेच्या शेवटच्या आठवड्याआधी जाऊन या, त्यानंतर पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात त्या ऑगस्ट सरेपर्यंत.