आधी ती बॅटरी परत दे

प्रश्न : माई, मुलगा साडेचार वर्षांचा आहे. उद्याचा विचार म्हणून करत नाही. रात्री दप्तर भर म्हटलं की खेळत बसतो, सकाळी बूट सापडत नाहीत. फ्रिजवर चित्रांचं वेळापत्रक लावलं, ढुंकून बघत नाही. शेजारची मुलगी याच्याच वयाची, सगळं आपलं आपण करते. दिवाळीत आजोळी निघताना याने पिशवीत बॅटरी कोंबली होती, ती मी काढली, उगाच ओझं. हा असाच वेंधळा राहील का?
– एक आई, चिंचवड

उत्तर : अगं, ती बॅटरी आत्ता कुठे आहे?

चिंचवडच्या लख्ख उजेडात उभं राहून पोराला आजीकडचा अंधार आठवला. मागच्या खेपेला तिथे दिवे गेले असणार (अंदाज माझा, खरं त्याला विचार). आणि तू म्हणतेस, उद्याचा विचार करत नाही!

एंडेल टुल्व्हिंग हे स्मृतीचे मोठे अभ्यासक एस्टोनियातली एक गोष्ट सांगायचे. मुलीला स्वप्न पडतं, वाढदिवसाला पुडिंग आहे, पण हिच्याकडे चमचाच नाही. दुसऱ्या रात्री ती चमचा घट्ट धरून झोपते. मुलांना पुढचं दिसतं का, हे पाहणाऱ्या काही कसोट्या याच गोष्टीवरून निघाल्या. तीन वर्षांची मुलं त्यात बहुधा गडबडतात, चौथ्याच्या आसपास जमू लागतं. तुझ्या मुलाने कुणी न सांगता चमचा उचलला. तो तू काढून घेतलास.

दप्तराचा उद्या तुझा आहे गं, त्याचा नाही. शिवाय या वयात आत्ताची भूक उद्याच्या आड येते. एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना खारे प्रेट्झेल (कुरकुरीत बिस्किटासारखा खाऊ) खायला घालून विचारलं, उद्या काय हवं, प्रेट्झेल की पाणी? तहानलेली पोरं, बहुतेकांनी पाणीच मागितलं. मांडलेला खेळ समोर असताना सकाळचे बूट कसे सुचतील? शेजारच्या मुलीचं मला सांगू नकोस.

पुढच्या खेपेला आजोळी जाताना एक लहान पिशवी त्याच्या हाती दे. काय भरायचं ते तो ठरवेल. चेन उघडून बघायची नाही, गुपचूपसुद्धा नाही. चड्डी विसरला तर आजी पंचा गुंडाळेल.

पण त्याआधी आज संध्याकाळी बॅटरी शोध. सेल उतरले असतील, नवे घालून दे.